बीसीसीत यादी लपवावी, माणूस नाही

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक फतवा निघाला की यापुढे कुणीही मेलमध्ये बीसीसी (ब्लाइंड कार्बन कॉपी, म्हणजे ज्यांना मेल जातो पण ज्यांची नावं बाकीच्यांना दिसत नाहीत ती चौकट) वापरायचं नाही, सगळा व्यवहार उघड, पारदर्शक वगैरे वगैरे. आणि हा फतवा ज्या मेलने आला त्याच्या टूमध्ये दीडेकशे पत्ते होते, त्यात आम्ही सगळे तर होतोच पण बाहेरून काम करणारे फ्रीलान्सर होते, नोकरी सोडून गेलेले दोन-तीन जण होते आणि एका क्लायंटकडचा माणूससुद्धा होता, त्या बिचाऱ्याचा खाजगी पत्ता आता आम्हा सगळ्यांकडे आहे. पाच मिनिटांत 'नोटेड', 'नोटेड', 'थँक्स, नोटेड' अशी रिप्लाय ऑलची माळ लागली. म्हणजे बीसीसी कशासाठी असतं याचं प्रात्यक्षिकच झालं की, पण बघणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

फतव्यामागचं कारण मात्र खरं होतं. एका टीम लीडने दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाला मेल लिहिला, एकदम गोड भाषेत, की काम थोडं मागे पडलंय, तुमच्याकडून कधीपर्यंत मिळेल. आणि आपल्या टीममधल्या एकाला गुपचूप बीसीसीत टाकलं. त्या पठ्ठ्याने मोबाइलवर मेल वाचला, मोबाइलच्या त्या एवढ्याशा स्क्रीनवर आपण टूमध्ये आहोत की सीसीत (उघडपणे प्रत दिलेल्यांच्या चौकटीत) की आणखी कुठे हे कोण बघतंय, आणि लिहिलं, 'याचं दर वेळचं आहे, मी आधीच सांगितलं होतं.' रिप्लाय ऑल. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं : 'तुम्ही या मेलमध्ये कुठून आलात?' बस. त्यानंतर त्या दोन डिपार्टमेंटमध्ये जे काही झालं ते सांगत बसत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्यात आणि माझं म्हणणं असं की दोघीही चुकीचं भांडतायत. एक म्हणते बीसीसी म्हणजे पाठीत खंजीर, भ्याडपणा, ते बटणच काढून टाका. दुसरी म्हणते अहो ते साधं फीचर आहे, चाकूने खूनही होतो आणि भाजीही चिरता येते. या चाकूच्या उदाहरणाचा मला मनस्वी कंटाळा आलाय, कारण ते कशालाही लावता येतं आणि त्यातून काहीच कळत नाही, भाजी कुठली आणि गळा कुठला हेच तर ठरवायचंय ना? माझं मत आधीच सांगून टाकते. बीसीसीने यादी लपवावी, माणूस लपवू नये. एकमेकांना न ओळखणाऱ्या पन्नास लोकांना एकच निरोप द्यायचा असेल तर त्यांचे पत्ते एकमेकांपासून झाकणं ही साधी सभ्यता आहे, ते न करणं हा निष्काळजीपणा. पण ज्याच्याशी तुम्ही बोलताय त्याच्यापासून ऐकणारा तिसरा माणूस लपवणं ही लबाडी आहे. पहिल्यात मजकूर सगळ्यांसाठी सारखाच आणि कुणाची फसवणूक नाही, दुसऱ्यात फसवणूक हाच हेतू. दोन्ही कामं एकाच चौकटीतून होतात म्हणून आपण ती एकच समजतो, गोंधळ सगळा तिथे आहे.

आणि ही चौकट काही इंटरनेटवाल्यांनी शोधलेली नाही. राल्फ वेजवुड नावाच्या इंग्रज माणसाने 1806 मध्ये कार्बन पेपरचं पेटंट घेतलं, आणि योगायोग बघा, त्याचं यंत्र होतं अंध लोकांना लिहिता यावं म्हणून, अर्थात बीसीसीतल्या 'ब्लाइंड'चा त्याच्याशी काही संबंध नाही, तो शब्द आला कारण मूळ पत्र ज्याला जातं त्याला ती नोंद दिसत नाही. पुढे टाइपरायटर आले आणि कार्बन प्रत हा ऑफिसचा रोजचा धंदा झाला. दोन कागदांमध्ये कार्बन घालायचा, रोलरवर चढवायचं, ठोकायचं, खाली कुणाकुणाला प्रत दिली ते लिहायचं. आता साहेबाला एक प्रत गुपचूप कुणाला तरी द्यायची असेल तर? टायपिस्ट मूळ पत्र काढून घ्यायची आणि नंतर फक्त प्रतीवर नाव टाइप करायची, नाहीतर मूळ कागदावर त्या जागी एक चिठ्ठी धरायची आणि तिच्यावरून की मारायची, म्हणजे शाई चिठ्ठीवर उमटते आणि कार्बनमधून नाव खालच्या प्रतीवर उतरतं. वरचा कागद कोरा. किती मेहनत आहे बघा यात! लपवायला मुद्दाम हात चालवावा लागायचा आणि टायपिस्ट साक्षीदार असायची. आज तेच काम एका क्लिकवर होतं आणि साक्षीला कुणी नसतं, त्यामुळे आपण काय करतोय याचा विचार करायला जो अर्धा मिनिट मिळायचा तोही गेला.

मेलमध्ये हे कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की निम्मा वाद संपतो. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्रावरचं 'प्रति अमुक अमुक' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पोस्टमन पाकीट बघतो, पत्र उघडत नाही. मेलचंही अगदी तसंच आहे, तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला आधी वेगळं सांगतो की हे या-या पत्त्यांवर पोचवायचं, ते झालं पाकीट. मग मजकूर देतो, त्यात वर टू आणि सीसी लिहिलेलं असतं, ते झालं पत्र. बीसीसीवाल्याचं नाव पाकिटावर असतं, पत्रात नसतं. एवढंच आहे ते, त्यात कुठलंही कुलूप नाही, गुप्त लिपी नाही. (टूमध्ये भलत्याच कुणाचं तरी नाव असलेला स्पॅम आपल्याला येतो तोही याच कारणाने, सर्व्हर त्या टूकडे ढुंकूनही बघत नाही.) म्हणून ज्यांना वाटतं बीसीसी म्हणजे पक्की गुप्तता, त्यांनी हे ऐकावं : तुमच्या सेंट फोल्डरमध्ये ते नाव दिसतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ता राहतो, कंपनीने मेलचं जर्नलिंग (म्हणजे प्रत्येक मेलची प्रत आपोआप साठवणं) चालू ठेवलं असेल तर तिथेही नोंद होते. आणि झाकायचं किती हेही कधी एकसारखं नव्हतं. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात, ईमेलच्या 1977 च्या नियमावलीत बीसीसी होतंच, 1982 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की काही सिस्टिम बीसीसीची यादी फक्त लिहिणाऱ्याच्या प्रतीत ठेवतील आणि काही ती बीसीसीतल्या सगळ्यांना दाखवतील. 2008 च्या नियमावलीतही एक नाही, तीन पद्धती चालतात. म्हणजे झाकण घट्ट बसेलच याची हमी ज्यांनी ते बनवलं त्यांनीही दिली नव्हती.

आता 'बंद करा' पार्टीकडे वळू. त्यांचा एक मुद्दा इतका जबरदस्त आहे की त्याला मी मान देते. ते म्हणतात, एखाद्या ऑफिसात माणसं बीसीसी करतात हे एकदा कळलं की तिथला प्रत्येक मेल संशयित होतो, अगदी सरळ मेलसुद्धा. लिहिणारा दोघांत म्हणून लिहितोय की मागे कुणी बसलंय? हे खरं आहे आणि याला जुना दाखलाही आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या दरबारांनी टपाल चोरून उघडायला खास खोल्या ठेवल्या होत्या, फ्रान्समध्ये तिला 'काळी खोली' म्हणायचे, तिथे मोहोर अलगद काढायची, नक्कल करायची, परत मोहोर लावून पत्र पुढे रवाना. वकिलातींना हे माहीत होतं. मग काय झालं, एक तर लोक सांकेतिक लिपीत लिहायला लागले नाहीतर चोरून वाचणाऱ्यालाच वाचायला मिळावं म्हणून लिहायला लागले. ऑफिसात आपण बघतो ते 'ॲज डिस्कस्ड', 'जस्ट टू पुट ऑन रेकॉर्ड' असलं साचेबंद, जपून लिहिलेलं मेलचं मराठी-इंग्रजी दुसरं काय आहे? अदृश्य वाचकासाठी लिहिलेली भाषा ती.

पण म्हणून चौकटच काढायची? मग त्या दीडशे पत्त्यांचं काय करायचं? व्हॉट्सॲपवर आपल्याला हा फरक बरोबर कळतो, ब्रॉडकास्टने शुभेच्छा पाठवल्या तर कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, ग्रुप करून पाठवल्या की अनोळखी माणसांच्या हातात आपला नंबर जातो आणि आपण तडक चिडतो, 'मला न विचारता ग्रुपमध्ये का टाकलं?' मग मेलच्या बाबतीत हीच चीड कुठे जाते?

आणि इथे प्रश्न फक्त चिडण्याचा नाही. लंडनमधल्या 56 डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकने सप्टेंबर 2015 मध्ये एक न्यूजलेटर पाठवलं, ते ज्यांना गेलं त्यांत एचआयव्हीसह जगणारे बरेच लोक होते, आणि 781 पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये पडले. त्यातल्या 730 पत्त्यांवरून पूर्ण नाव कळत होतं. कुणाला हॉस्पिटलची फाइल चोरावी लागली नाही, पासवर्ड फोडावा लागला नाही, फक्त यादीत असणं हीच माहिती होती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो कारण लोक म्हणतात, 'ईमेल ॲड्रेस तर आहे, त्यात काय एवढं लपवायचं?' पत्त्यात काही नसेलही, पण तो कोणाच्या शेजारी बसलाय त्यात सगळं असतं. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून बाहेर काढायच्या 245 लोकांना एकच मेल टूमध्ये पाठवला, तालिबानने काबूल घेऊन महिनाभर झाला होता. 55 जणांचे तर प्रोफाइल फोटो दिसत होते. दोघांनी रिप्लाय ऑल केलं आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत ते लिहिलं. ती यादी चुकीच्या हातात पडली असती तर जिवावर बेतलं असतं, हे तिथल्या माहिती आयुक्तांनीच (लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या) म्हटलं आणि डिसेंबर 2023 मध्ये साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. आता त्या 'पारदर्शक' पार्टीला मला विचारायचंय, इथे उघडेपणा कुणाच्या कामाचा होता?

तर यादीचं झालं. माणूस लपवण्याकडे येते, कारण तिथे 'चाकू-भाजी' पार्टी माझ्याशी भांडते आणि त्यांचेही दोन मुद्दे आहेत ज्यांना उडवून लावता येत नाही.

पहिला असा की फॉरवर्ड तर कुणीही करू शकतं, ते तरी कुठे समोरच्याला सांगून करतात, मग बीसीसीवरच राग का? बरोबर, परिणाम वरवर सारखाच दिसतो. पण लिहिताना काय होतं ते बघा. आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. त्यात निदान सून समोर असते आणि तिला कळतं की हे आपल्यालाच चाललंय. बीसीसीत साहेबाला बसवून तुम्ही सहकाऱ्याला मेल लिहिता तेव्हा सून पडद्याआड असते, आणि लेकीला पत्ताच नसतो की आपण या नाटकात फक्त निमित्त आहोत. तो मेल खरं तर साहेबासाठीच लिहिलेला असतो, तो संयम, ते 'मी तिसऱ्यांदा विचारतोय', ते सगळं तिकडे दिसावं म्हणून. फॉरवर्डमध्ये आधी बोलणं खरं होतं, मग कुणाला तरी दाखवलं जातं, दाखवणाऱ्याचं नाव वर असतं, 'बघ हा काय म्हणतोय' असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही फॉरवर्डच शहाणपणाचं, कारण ज्याला फॉरवर्ड मिळालं त्याने घाईत रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर तुमच्यापर्यंत येऊन थांबतं, पलीकडे जात नाही. बीसीसीवाल्याने दाबलं की तो थेट मूळ मंडळींच्या पुढ्यात जाऊन पडतो. आउटलुक अशा वेळी सावध करतं की तुमचा पत्ता लपवलेला होता, आता सगळ्यांना कळेल, पण ती सूचना सगळीकडे दिसत नाही आणि आमच्या त्या पठ्ठ्याला तर दिसली नाहीच.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. समोरचा वरचढ असेल तर? वरिष्ठ त्रास देतोय, तोंडी एक बोलतो आणि मेलवर दुसरं, अशा वेळी एखादीने आपल्याच खाजगी पत्त्यावर किंवा एखाद्या विश्वासातल्या माणसाला बीसीसी ठेवली तर मी तिला लबाड म्हणू? नाही म्हणणार. सगळे समान असतात तेव्हा उघडेपणाचे नियम चालतात, जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे तिथे दुबळ्याला पुरावा जपू द्यायला हवा. इथे माझा नियम वाकतो आणि मला त्याची लाज नाही. फक्त तिला मी सांगेन की बाई, बीसीसी कशाला, मेल आधी पाठव आणि मग सेंटमधून फॉरवर्ड कर, पुरावा तोच राहतो आणि त्या विश्वासातल्या माणसाच्या हातून चुकून रिप्लाय ऑल होऊन सगळं उघडं पडायचा धोका जातो. (ऑफिसचा मेल बाहेरच्या पत्त्यावर नेणं बऱ्याच कंपन्यांत नियमाबाहेर असतं, ते आधी बघून घे, हेही सांगेन.) म्हणजे जिथे लपवणं न्याय्य आहे तिथेसुद्धा बीसीसी हे हत्यार बोथटच.

एक प्रकार मात्र मधला आहे आणि मला तो आवडतो. कुणीतरी तुमची ओळख करून देतं, तुम्ही उत्तरात लिहिता, 'ओळखीबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत टाकतेय म्हणजे पुढचे मेल तुमच्या डोक्याला नकोत.' यात नाव लपलंय पण गोष्ट जाहीर आहे. सांगून केलेली बीसीसी म्हणजे पंगतीतून उठायची परवानगी, तिच्यात वावगं काहीच नाही.

आता यादीवाल्या बाजूलाही एक कडू गोळी आहे, कारण माझं म्हणणं अर्धवट वाचून कुणी म्हणेल, चला, सगळ्यांना बीसीसी शिकवू म्हणजे झालं. इंग्लंडमध्येच बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणारा एक स्वतंत्र आयोग होता. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या कर्मचाऱ्याने 90 जणांना मेल पाठवला, अगदी व्यवस्थित, बीसीसीत. मग लक्षात आलं की मजकुरात चूक आहे, म्हणून दुरुस्तीचा मेल पाठवला, आणि या वेळी पत्ते टूमध्ये गेले. पीडित असू शकणाऱ्या लोकांची यादी एकमेकांपुढे. मग ते डिलीट करा म्हणून सांगायला मेल पाठवले, त्यातल्या एकावर 39 रिप्लाय ऑल आले. दोन लाख पौंड दंड. त्या कर्मचाऱ्याला बीसीसी येत नव्हतं का? दहा मिनिटांपूर्वी असो की तासापूर्वी, त्याने ते बरोबर केलेलंच होतं! डीन स्ट्रीटच्या क्लिनिकचंही तसंच, ते चालवणाऱ्या ट्रस्टमध्ये 2010 मध्ये 17 रुग्णांच्या बाबतीत हीच चूक झाली होती, तेव्हा काही उपाय केलेही गेले, तरी पुन्हा तेच झालं. माणसाला शिकवून माणूस चुकायचा थांबत नाही, दमलेला असतो, घाईत असतो, दोन चौकटी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यातली एक तर आधी दिसतही नाही, क्लिक करून उघडावी लागते.

म्हणून ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या ऑफिसने 2023 मध्ये संस्थांना सांगितलं की संवेदनशील माहिती असेल तर बीसीसीच्या भरवशावर राहूच नका, बल्क मेलची सेवा वापरा, मेल मर्ज वापरा, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो आणि चुकीच्या चौकटीत टाकायला यादीच हातात येत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. बारा जणांच्या सहलीचा निरोप असेल तर बीसीसी पुरे, रुग्ण, तक्रारदार, देणगीदार, नोकरीसाठी अर्ज केलेले लोक यांना लिहायचं असेल तर बीसीसी हा धोका आहे, सोय नाही.

आमच्या ऑफिसला मी हेच लिहून दिलंय, फतवा मागे घ्या, बाहेरच्या याद्यांना मेल मर्ज, आतल्या भांडणात बीसीसी नको, फॉरवर्ड करा आणि नाव लावून करा. उत्तर अजून आलेलं नाही. आणि खरं सांगू का, मला ऑफिसपेक्षा जास्त राग त्या मेलच्या प्रोग्रॅमांचा येतो. मी मजकुरात इंग्रजीत 'फाइल अटॅच्ड' असं लिहून फाइल जोडायची विसरले तर जीमेल मला थांबवून विचारतं, बाई, फाइल कुठाय? संस्थेच्या अकाउंटवर यादी मोठी असेल तर आउटलुकही वरती एक बारीकशी पट्टी दाखवून सावध करू शकतं. पण माझ्या साध्या अकाउंटवरून मी कधीही एकत्र न लिहिलेले दोनशे पत्ते टूमध्ये ओतते तेव्हा मात्र सेंडचं बटण नेहमीसारखं निळंच असतं.